अंडे, काळ आणि मातृत्व : कल्पनारम्य भूमिकाखेळांतील ड्रॅगनच्या जीवनचक्राचे आदिपर्वाच्या प्रकाशात वाचन

सारांश :
कल्पनारम्य भूमिकाखेळांत ड्रॅगन हा केवळ शत्रू नसून अंडे, पिल्लू, तारुण्य आणि वार्धक्य अशा अवस्थांतून जाणारा जीव म्हणून रचलेला आहे. प्रस्तुत लेखात या जीवनचक्राची मांडणी तपासली असून महाभारताच्या आदिपर्वातील कद्रू-विनता आख्यान आणि मराठी नागपंचमीच्या कहाण्या यांच्याशी तिची तुलना केली आहे. महाकाव्य दीर्घ काळ जन्माच्या आधी ठेवते, तर खेळ तो जन्मानंतर ठेवतो. या एका भेदातून प्रतीक्षा, मातृत्व आणि हिंसा यांविषयीच्या दोन वेगळ्या दृष्टी निर्माण होतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, ड्रॅगन, नाग, आदिपर्व, विनता, प्रतीक्षा.

१. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात नाग ही प्रतिमा नवी नाही. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज पाचव्या शतकापासून तेथे आहे. याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांचे दौहित्र मानले जाणारे मुक्तेश्वर यांनी सतराव्या शतकात महाभारत ओवीबद्ध केले. त्यांची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाच पर्वे आज उपलब्ध आहेत. नागकुळाच्या जन्माची आणि संहाराची कथा ज्या आदिपर्वात येते, ते पर्व अशा रीतीने या भूमीच्या वाङ्मयीन परंपरेचा भाग झाले आहे.

याच भूमीतील महाविद्यालयीन विद्यार्थी आज ड्रॅगनची अंडी ओळखतो ती मात्र दुसऱ्या वाटेने. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ यांसारखे अनुवाद आणि सर्वांत अधिक म्हणजे संगणक व भ्रमणध्वनीवरील खेळ यांनी ही प्रतिमा त्याच्यापर्यंत आणली. अध्यापकवर्गात या खेळांकडे बहुधा वेळेचा अपव्यय म्हणून पाहिले जाते. कौतुक करणारे ‘ड्रॅगन म्हणजे पाश्चात्त्यांचा नागच’ असे सोपे समीकरण मांडून थांबतात. दोन्ही भूमिकांत प्रत्यक्ष रचनेचे वाचन होत नाही. ड्रॅगनचे अंडे खेळात नेमके काय काम करते, हा प्रश्न विचारल्यास या खेळांची ताकद आणि त्यांतील उणीव दोन्ही एकाच ठिकाणी दिसू लागतात.

२. भूमिकाखेळाचे स्वरूप

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आधुनिक भूमिकाखेळांची सुरुवात येथून मानली जाते. या खेळात पट आणि सोंगट्या अनिवार्य नसतात. एक जण सूत्रधार होतो आणि तो प्रसंग वर्णन करतो. इतर खेळाडू प्रत्येकी एक पात्र स्वीकारतात, त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात आणि त्या निर्णयाचे यशापयश फाशांवर ठरते. कथा आधी लिहिलेली नसते, ती बोलता बोलता घडते. या अर्थाने हा खेळ वाचनापेक्षा कथाकथनाच्या मौखिक परंपरेला जवळचा आहे.

अशा कथेला नियमांची चौकट लागते. कोणता प्राणी किती बलवान, त्याला किती घाव सोसतात, तो कोठे राहतो हे नियमपुस्तकात दिलेले असते. ही पुस्तके कथा सांगत नाहीत, परंतु कोणती कथा शक्य आहे हे ठरवतात. म्हणूनच समीक्षेच्या दृष्टीने त्यांतील कोष्टकेही संहितेइतकीच वाचनीय ठरतात.

३. वयाचे कोष्टक

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात ड्रॅगनच्या आयुष्याच्या आठ अवस्था दिल्या आहेत. पहिली पाच वर्षांपर्यंतची, शेवटची चारशे वर्षांनंतरची. अवस्थेचा क्रमांक हाच बळाचा गुणक आहे. ड्रॅगनच्या प्रत्येक फाशामागे पहिल्या अवस्थेत एक, तर आठव्या अवस्थेत आठ जीवनांक मोजले जातात आणि त्याच्या फूत्काराने होणारी हानी त्याच्या एकूण जीवनांकाइतकी असते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत या अवस्था बारा झाल्या. अखेरची अवस्था बाराशे वर्षांपलीकडे गेली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्या चारच उरल्या. पिल्लू, तरुण, प्रौढ आणि आठशे वर्षे ओलांडलेला पुरातन, एवढेच टप्पे तेथे आहेत.

या बदलांत एक गोष्ट मात्र स्थिर राहिली आहे. चारही आवृत्त्यांत बालपण पाच वर्षांचेच आहे. ज्या जीवाला हजार-बाराशे वर्षांचे आयुष्य बहाल केले, त्याचे शैशव मनुष्याच्या शैशवाहूनही आखूड ठेवले गेले. याचे कारण खेळाच्या गरजेत आहे. खेळाडूंसमोर उभा राहणारा ड्रॅगन लढण्याजोगा हवा. तेव्हा वय ही जगण्याची गोष्ट न राहता बळाची मोजपट्टी होते.

या रचनेला निसर्गाचा आधार नाही असे नाही. अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांची वाढ प्रौढत्वानंतरही मंद गतीने चालू राहते, कात टाकत साप वाढत जातो. खेळाच्या रचनाकारांनी ही निरंतर वाढ उचलली आणि तिला टोकाला नेले. सस्तन प्राण्यांत वार्धक्य म्हणजे क्षीणता, येथे मात्र वार्धक्य म्हणजे परमोच्च सामर्थ्य. म्हाताऱ्या ड्रॅगनपुढे तरुण खेळाडूंचे पाय डगमगतात, ही कल्पना निश्चितच प्रभावी आहे.

अंड्यांकडे लक्ष वळले ते पुढे. २००३ च्या ‘ड्रॅकोनॉमिकॉन’ या ग्रंथात ड्रॅगनच्या प्रत्येक जातीची अंडी कशी उबतात याचे सविस्तर वर्णन आहे. लाल ड्रॅगनच्या अंड्याला आगीची धग लागते, पांढऱ्याच्या अंड्याला बर्फ लागतो. जन्माआधीच जातीचा स्वभाव ठरवणारी ही कल्पना चातुर्याची आहे. तथापि, त्या दिवसांत अंड्याजवळ बसणाऱ्या आईचे मन हा नियमांचा विषय होत नाही. उबवणीची परिस्थिती नोंदवली जाते, उबवणाऱ्याची प्रतीक्षा नोंदवली जात नाही.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. १९७७ च्या त्याच ग्रंथात ‘नागा’ या नावाने नागही समाविष्ट आहेत. त्यांचे रक्षक, जलवासी असे प्रकार सांगितले आहेत. परंतु त्यांना वयाचे कोष्टक नाही. ड्रॅगनला बालपण आणि वार्धक्य मिळाले, नाग मात्र वयहीन राहिला. ज्या परंपरेतून हे नाव घेतले, त्या परंपरेने नागाला आई दिली होती, अंडे दिले होते आणि शापही दिला होता. नाव आले, जीवनचक्र मागे राहिले.

४. आदिपर्वातील अंडी

आस्तिकपर्वातील कथा सर्वपरिचित आहे, तरी तिचा कालक्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. कश्यपाने आपल्या दोन पत्नींना वर दिले. कद्रूने समान तेजाचे सहस्र नाग मागितले, विनतेने कद्रूच्या पुत्रांहून बलवान असे दोनच पुत्र मागितले. दोघींनी अंडी घातली आणि ती उबदार भांड्यांत ठेवण्यात आली. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटली व नाग बाहेर आले. विनतेची दोन अंडी तशीच राहिली. सवतीपुढे लाज वाटून तिने एक अंडे स्वतः फोडले. आत वरचे अर्धे शरीर पूर्ण झालेला आणि खालचा भाग अपुरा राहिलेला पुत्र होता. तो अरुण. त्याने आईला शाप दिला की ती पाचशे वर्षे त्याच सवतीची दासी होईल. त्याबरोबर उःशापही दिला. दुसरे अंडे तिने घाईने फोडले नाही आणि आणखी पाचशे वर्षे धीर धरला, तर त्यातील पुत्र तिला दास्यातून सोडवील. त्यानंतर अरुण सूर्याचा सारथी झाला. काळ पूर्ण होताच गरुड आईच्या साहाय्याविना अंडे फोडून बाहेर आला.

या कथेत हजार वर्षांचा काळ आहे, म्हणजे खेळातील पुरातन ड्रॅगनच्या आयुष्याएवढाच. परंतु तो सर्वच्या सर्व गरुडाच्या जन्माआधी आहे. जन्मानंतर गरुडाला वाढावे लागत नाही. तो जन्मतःच इतका प्रचंड आणि तेजस्वी आहे की देवांनाही तो अग्नी वाटतो. त्याला आठ अवस्था नाहीत, बारा नाहीत. महाकाव्याने काळाचे सारे वजन अंड्यावर टाकले आहे, खेळाने ते अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या देहावर टाकले आहे.

परिणामी काळाचा अर्थच बदलतो. खेळात काळ ड्रॅगनचा स्वतःचा आहे. तो जगत जातो आणि बळ साठवत जातो. आदिपर्वात काळ दुसऱ्याचा आहे, तो आईचा आहे. गरुडाचे बळ हे विनतेने न केलेल्या कृतीचे फळ आहे. तिने दुसरे अंडे फोडले नाही, एवढाच तिचा पराक्रम. कोणत्याही नियमपुस्तकात अशा न करण्याला गुण मिळत नाहीत.

येथे मातृत्वाचे उदात्तीकरण आहे, असे समजण्याचे कारण नाही. कद्रूने पैजेत कपट करण्यास नकार देणाऱ्या स्वतःच्याच पुत्रांना अग्नीत जळण्याचा शाप दिला आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात तो फळाला आला. अंडी घालणारी आईच पुढे पिल्लांच्या संहाराचे कारण ठरते. तो संहार थांबवतो आस्तिक, आणि त्याच्या नावाची कथाही गर्भाशीच जोडलेली आहे. पिता पत्नीला सोडून जाताना तिच्या उदरातील जीवाविषयी ‘अस्ति’, म्हणजे ‘आहे’, एवढेच बोलला, म्हणून तो आस्तिक. नागकुळाची ही कथा अंड्यांपासून सुरू होते आणि गर्भात असताना ज्याचे नाव ठरले त्याच्या शब्दाने शांत होते. न जन्मलेल्या जीवाविषयी इतका गंभीर विचार करणारे आख्यान विरळाच.

५. अंडे कोणाचे?

भूमिकाखेळांनी अंड्यांविषयी नैतिक प्रश्न उपस्थित केलेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ या मालिकेत मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी अंड्यांनाच युद्धाचे केंद्र केले. दुष्ट पक्ष सुष्ट ड्रॅगनांची अंडी चोरून ओलीस ठेवतो आणि ती सुखरूप परत देण्याच्या बोलीवर त्यांच्याकडून युद्धापासून दूर राहण्याची शपथ घेतो. प्रत्यक्षात त्याच अंड्यांवर काळी विद्या चालवून त्यांतून विकृत सैनिक निर्माण केले जातात. हे उघड झाल्यावर सुष्ट ड्रॅगन युद्धात उतरतात. खेळाडू आतापर्यंत ज्या सैनिकांना निःशंकपणे कापत होते, ते चोरलेल्या मुलांपासून घडवलेले आहेत, हे येथे कळते. पूर्वी केलेल्या हिंसेचा अर्थ मागे जाऊन बदलण्याची ही रचना खेळाच्या माध्यमाला विशेष साधते, कारण ती हिंसा वाचकाने वाचलेली नसून खेळाडूने स्वतः केलेली असते.

२०१४ च्या ‘होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन’ या साहसकथेत काळ्या ड्रॅगनची अंडी राखलेली गुहा येते. अंडी फोडावीत की सोडावीत, हा निर्णय खेळाडूंच्या हाती येतो. काळा ड्रॅगन या जगात दुष्ट मानलेला आहे. मग न जन्मलेले पिल्लूही दुष्टच का? या प्रश्नावर खेळाच्या बैठकीत मित्रांमध्ये वाद रंगू शकतो आणि तो वाद हीच भूमिकाखेळाची खरी शैक्षणिक शक्यता आहे.

मराठी परंपरेत हा प्रश्न श्रावणात घराघरांत सांगितला जातो. नागपंचमीच्या एका कहाणीत शेतकऱ्याचा नांगर नकळत वारुळात शिरतो आणि नागाची पिल्ले मरतात. नागीण सूडाने त्याच्या कुटुंबाला दंश करते. परगावी दिलेल्या लेकीलाही डसायला ती जाते, तेव्हा ती लेक पाटावर नाग काढून दूध अर्पण करताना दिसते. नागिणीचा राग विरतो आणि मेलेले कुटुंब पुन्हा उठते. दुसऱ्या कहाणीत सून नागिणीच्या बाळंतपणाला दिवा धरते. पिल्लांच्या वळवळीला भिऊन तिच्या हातचा दिवा पडतो आणि पिल्लांची शेपटे भाजतात. मोठी झाल्यावर ती सूड घ्यायला येतात, पण ती आपल्यालाच भाऊ मानून आपले कल्याण चिंतीत असल्याचे ऐकून परत फिरतात. नागपंचमीला नांगरू नये, खणू नये, चिरू नये, हा निर्बंध अशा कथांमधून अर्थ मिळवतो.

कहाणी आणि खेळ यांतील भेद येथे स्पष्ट होतो. खेळात अंडे फोडणे हा हेतुपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. कहाणीत इजा नकळत होते आणि तरीही जबाबदारी टळत नाही. शिवाय कहाणीत पिल्लू मोठे होते, त्याला आठवण असते आणि ते परत येते. खेळाच्या कोष्टकात पिल्लू मोठे झाल्यावर त्याचे जीवनांक वाढतात, परंतु पिल्लूपणी त्याच्याशी कोण कसे वागले याची नोंद कोणत्याही स्तंभात नसते. सूत्रधार ती ठेवू शकतो, नियम ती मागत नाहीत.

६. विकत मिळणारी घाई

संगणकीय खेळांत अंडे उबवणे खेळाडूच्याच हाती आले. १९९९ मध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या भूमिकाखेळांत अंडे पात्राच्या पावलांवर उबते, ठरावीक पावले चालल्यावर ते फुटते. ही कल्पना साधी असली तरी मोलाची आहे, कारण येथे खेळाडूला प्रतीक्षेचा भार प्रत्यक्ष वाहावा लागतो. २०१६ च्या ‘पोकेमॉन गो’ मध्ये तर खेळाडूला स्वतःच्या पायांनी दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावे लागले. मात्र त्याच खेळात एकाच वेळी अनेक अंडी उबवण्यासाठी उबवणी-यंत्रे पैशांनी घेण्याची सोय आली.

या सोयीचे पूर्ण रूप ड्रॅगन पाळण्याच्या खेळांत दिसते. २०११ चा ‘ड्रॅगनव्हेल’ आणि त्यानंतरचा ‘ड्रॅगन सिटी’ हे भूमिकाखेळ नव्हेत, परंतु ड्रॅगनचे अंडे हाच त्यांचा गाभा आहे. अंडे फुटण्यास खरोखरीचे तास लागतात. ते तास टाळायचे असल्यास रत्ने खर्च करावी लागतात आणि रत्ने पैशांनी विकत मिळतात. खेळ फुकट आहे, विकले जाते ते न थांबणे. प्रतीक्षा येथे मुद्दाम कंटाळवाणी रचावी लागते, कारण ती सुखद झाली तर रत्ने कोण घेणार?

आदिपर्वाच्या प्रकाशात पाहिल्यास हा विनतेच्या पहिल्या अंड्याचा व्यापार आहे. फरक एवढाच की येथे अरुण जन्मत नाही. वेळेआधी फोडलेल्या अंड्यातूनही तेच पूर्ण, तेजस्वी पिल्लू बाहेर येते. घाईला किंमत आहे, परिणाम नाही. महाकाव्यात घाईची किंमत पुत्राच्या देहाने आणि आईच्या पाचशे वर्षांच्या दास्याने मोजली गेली. खेळात ती वडिलांच्या बँक खात्यातून मोजली जाऊ शकते आणि अंड्यातील जीवाला तिचा स्पर्शही होत नाही. ज्या माध्यमात कृती आणि परिणाम यांचा संबंध सर्वांत थेट असू शकतो, त्याच माध्यमाने तो संबंध येथे तोडला आहे. ही नैतिक उणीव तर आहेच, परंतु मुळात ती कलात्मक उणीव आहे.

७. काही आक्षेप

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ड्रॅगन आणि नाग एक नव्हेत, म्हणून ही तुलनाच अप्रस्तुत आहे. ते एक नाहीत, हे मान्यच आहे. विनतेच्या अंड्यातून तर नागांचा शत्रूच बाहेर येतो. येथे तुलना प्राण्यांची नसून अंड्याभोवती रचलेल्या काळाची आहे आणि ती प्राणी भिन्न असतानाही टिकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टेबलाभोवतीचा भूमिकाखेळ महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. एखाद्या गटाने वाचवलेले अंडे त्या काळात फुटू शकते आणि पिल्लू पात्रांसोबत वाढू शकते. म्हणजे नियमांत नसलेली प्रतीक्षा खेळात असू शकते. हे खरे आहे आणि याच कारणाने टेबलावरील खेळ आणि भ्रमणध्वनीवरील खेळ यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. पहिल्यात उणीव भरून काढणारा सूत्रधार असतो, दुसऱ्यात सूत्रधाराच्या जागी विक्रेता बसलेला असतो.

८. निष्कर्ष

१. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमपुस्तकांत ड्रॅगनचे जीवनचक्र हे प्रामुख्याने बळाचे कोष्टक आहे. अवस्थांची संख्या बदलत गेली, बालपण मात्र सर्वत्र पाच वर्षांचेच राहिले.

२. आदिपर्वात काळाचे वजन जन्माआधी आहे आणि ते आईच्या धीरावर टाकलेले आहे. त्यामुळे तेथे अंडे ही वस्तू न राहता परीक्षा होते.

३. ‘ड्रॅगनलान्स’सारख्या रचनांनी अंड्याचा नैतिक प्रश्न समर्थपणे मांडला. तथापि, नागपंचमीच्या कहाण्यांतील नकळत झालेली इजा आणि मोठ्या झालेल्या पिल्लाची आठवण ही परिमाणे खेळांच्या नियमांत अद्याप उतरलेली दिसत नाहीत.

४. अंडे लवकर फोडण्याची सोय विकणारे खेळ परिणामाशिवायची घाई शिकवतात आणि त्याच वेळी स्वतःच्या माध्यमाची सर्वांत मोठी शक्ती गमावतात.

मराठीच्या वर्गात कद्रू-विनता आख्यान शिकवताना समोरच्या बाकावरील विद्यार्थ्याने आदल्या रात्री एखादे अंडे रत्ने देऊन फोडलेले असण्याचा संभव आहे. त्या खेळाची हेटाळणी केल्याने आख्यान त्याच्या जवळ येणार नाही. अरुणाचे अर्धे शरीर कशामुळे अपुरे राहिले, हा प्रश्न त्याला त्याच्या अनुभवातून विचारता आला, तर खेळही वाचला जाईल आणि आदिपर्वही.